पंख, पाय आणि उशिरा आलेला कान

1758 साली रातकिडा, नाकतोडा, टोळ आणि प्रार्थना कीटक एकाच नावाखाली नांदत होते. त्या वर्षी कार्ल लिनीअसच्या ‘सिस्टेमा नॅचुरी’ची दहावी आवृत्ती निघाली, प्राण्यांची शास्त्रीय नावं आजही तिथपासूनच ग्राह्य धरतात. तीत ‘ग्रायलस’ नावाची एक ऐसपैस प्रजाती होती आणि तिचे सहा पोटविभाग होते. त्यांपैकी मान्टिसमध्ये पुढचे पाय जोडून बसणारे प्रार्थना कीटक, लोकस्टात टोळ, टेटिगोनियात लांब मिशांचे हिरवे नाकतोडे आणि अकिटात रातकिडे. लिनीअसला यात काही अडचण वाटली नसावी. स्वीडनच्या थंडीत रातकिड्यांच्या जाती त्या किती! चुलीच्या उबेला येणारा घरातला, शेतात बीळ करून राहणारा काळा, आणखी एखाद-दुसरा. एवढ्यांची सोय लावायला एक कप्पा पुष्कळ झाला.

पंचाईत केली ती जहाजांनी. सुरिनाम, जावा, फिलिपिन्स, जपान अशा ठिकाणांहून टाचणी टोचलेले, अर्कात बुडवलेले, अर्धे-मुर्धे पाय गळलेले रातकिडे युरोपच्या संग्रहालयांत येऊ लागले आणि लिनीअसचा कप्पा फुटला. आज रातकिड्यांच्या पाच हजारांहून अधिक जाती माहीत आहेत आणि त्यांतल्या बहुतेक उष्ण कटिबंधातल्या. या सगळ्यांचा मागोवा एका लेखात घेणं शक्य नाही, म्हणून मी एकच घराणं निवडलं आहे: एनीऑप्टेरिनी हे उपकुल. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत, आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिकमधली बेटं असा त्याचा पसारा आहे. ते निवडायचं कारण असं, की गायकीवरून घराणं ओळखावं ही आपल्याकडची साधी रीत रातकिड्यांना लावायला शास्त्राने जवळजवळ दोनशे वर्षं घेतली. अंधारात रातकिडा आपल्याला कळतो तो आवाजाने. मादीलाही तो तसाच कळतो. वर्गीकरण मात्र पाय, पंख, डोकं, मिशा, शेपटीकडचे काटे या सगळ्यांवर झालं. आवाज कुणी विचारलाच नाही, कारण टाचणीवरचा किडा ओरडत नाही.

आपल्या घराण्यातला पहिला नोंदलेला सदस्य सुरिनामचा. 1773 साली चार्ल्स डी गीअर या स्वीडिश सरदाराने त्याला वर्णन देऊन ग्रायलसमध्येच बसवला. पुढे 1838 मध्ये जर्मनीच्या हेर्मान बुर्माइस्टरने त्याच्यासाठी ‘एनीऑप्टेरा’ ही नवी प्रजाती काढली. हा बुर्माइस्टर पुढे कायमचा अर्जेंटिनात गेला आणि ब्वेनोस आयरेसच्या संग्रहालयाचा प्रमुख झाला. पण ज्या किड्यांना त्याने नावं दिली त्यांतले बहुतेक त्याने जर्मनीतल्या पेट्यांतच पाहिले होते. हे त्या काळच्या सगळ्यांनाच लागू आहे. ज्याने रातकिडा ऐकला त्याने तो वर्णिला नाही आणि ज्याने वर्णिला त्याने तो ऐकला नाही.

याचं सगळ्यांत ठळक उदाहरण लायडनमध्ये सापडतं. 1840च्या दशकात तिथल्या संग्रहालयातल्या विलेम डी हान याने डच जहाजांतून आलेले टोळ-रातकिडे तपासले. त्यात आज आपल्या घराण्यात मोडणाऱ्या तीन जाती होत्या आणि त्यांतली एक जपानची. तिचं आजचं नाव झेनोग्रायलस मार्मोराटस. डी हानच्या पेटीत ती तपकिरी, ठिपकेदार पंखांची एक मूक वस्तू होती. जपानमध्ये तिला मात्सुमुशी म्हणतात आणि तिथे या किड्याचा आवाज ऐकण्यासाठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या पैसे मोजत आली होती. एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, रस्त्यांवर गाणारे किडे विकणारे फेरीवाले असत. जपानमध्ये स्थायिक झालेला लेखक लाफ्काडिओ हर्न याने 1898 साली या व्यवसायावर सविस्तर लिहिलं आणि प्रत्येक किड्याची बाजारातली किंमतही दिली. 1910च्या शालेय गाण्यांत ‘मुशी नो कोए’, म्हणजे किड्यांचे आवाज, हे एक गाणं आलं आणि त्यातला पहिला गवई मात्सुमुशीच. जुन्या दरबारी साहित्यात ज्याला मात्सुमुशी म्हणत तो आजचा सुझुमुशी हा दुसरा गाणारा रातकिडा, आणि तेव्हाचा सुझुमुशी म्हणजे आजचा मात्सुमुशी, अशी नावांची अदलाबदल मध्ये कधीतरी झाली असावी, असं बरेच जपानी अभ्यासक मानतात. म्हणजे तिथेही गोंधळ होताच. फक्त तो कानाने घातलेला होता.

लंडनमध्ये फ्रान्सिस वॉकर बसला होता. ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहांच्या याद्या करण्याचं काम त्याच्याकडे होतं आणि त्याने ते ज्या वेगाने केलं त्याबद्दल कीटकशास्त्रज्ञ त्याला अजून माफ करायला तयार नाहीत. हजारो जातींची वर्णनं, दोन-चार ओळींची, आणि एकाच किड्याला वेगवेगळ्या याद्यांत वेगवेगळी नावं. त्याच्या मृत्यूनंतर कीटकशास्त्राच्या एका मासिकात आलेला मृत्युलेख इतका जहरी होता, की तसे लेख सहसा छापत नाहीत. पण 1869च्या त्याच्या यादीत भारतातला एक रातकिडा आहे, जो पुढे टिकला: झेनोग्रायलस ट्रान्सव्हर्सस. जपानच्या मात्सुमुशीचा हा सख्खा भाईबंद. वॉकरला ते नातं माहीत नव्हतं आणि माहीत व्हायचा मार्गही नव्हता. ‘झेनोग्रायलस’ ही प्रजाती स्पेनच्या इग्नासिओ बोलिव्हारने काढली ती 1890 मध्ये, आणि तीही आफ्रिकेतल्या नमुन्यांवरून. वॉकरची तीच यादी पुढे आणखी एका कामासाठी लागणार आहे.

या साऱ्या विखुरलेल्या नावांना पहिला आकार दिला तो जिनिव्हाच्या ऑन्री द सोस्यूरने. घर खानदानी, आजोबा आल्प्स पर्वताचे नामांकित अभ्यासक. स्वतः ऑन्री तरुणपणी मेक्सिकोला जाऊन आला आणि नंतर गांधीलमाश्या आणि टोळ-रातकिड्यांत रमला. 1870च्या दशकात त्याने रातकिड्यांवर जो मोठा प्रबंध खंडाखंडाने छापला, त्यात कार्डिओडॅक्टिलस, निसिट्रस, अ‍ॅग्नोटेकस अशा प्रजाती पहिल्यांदा येतात. एनीऑप्टेराभोवती एक स्वतंत्र गट आखला तोही त्यानेच, 1874 मध्ये. गटाची खूण पायात होती: मागच्या पायाच्या नळीवर काट्यांच्या दोन ओळी आणि काट्यांच्या अधेमधे करवतीसारखे बारीक दात. भिंग लावलं की दिसतं आणि वाळलेल्या किड्यातही शाबूत राहतं. संग्रहालयात बसणाऱ्या माणसाला यापेक्षा सोयीची खूण कोणती?

ऑन्रीचा थोरला मुलगा म्हणजे भाषाशास्त्रज्ञ फर्दिनां द सोस्यूर. संस्कृतातल्या सत्-षष्ठीवर डॉक्टरेट करणारा आणि भाषेतल्या कोणत्याही खुणेचं मोल तिच्या शेजारच्या खुणांशी असलेल्या फरकातून ठरतं असं पुढे शिकवणारा. बापाच्या पेट्यांचा मुलाच्या विचारांवर परिणाम झाला, असा दावा मी करणार नाही. पण ज्या घरात रोज ‘याच्या पायाला दात आहेत, त्याच्या नाहीत, म्हणून हा वेगळा’ असं चाललेलं असे, त्या घरात हा मुलगा वाढला एवढं खरं.

सोस्यूरचा गट सोयीचा होता आणि सोयीच्या कप्प्याचं जे होतं तेच त्याचं झालं. झाडाझुडपांवर राहणारे, कुठेच नीट न बसणारे रातकिडे त्यात येऊन पडत राहिले. पुढची पन्नास-साठ वर्षं हा पसारा सांभाळला पॅरिसच्या लुसियां शोपारने. 1885चा जन्म, 1971ला मृत्यू, आणि मधल्या काळात जगात कुठेही रातकिडा सापडला तर तो ओळखायला शोपारकडे जायचा. कलकत्त्याच्या झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियापासून श्रीलंकेच्या संग्रहालयापर्यंत सगळ्यांचे नमुने त्याच्याकडे गेले. ‘फॉना ऑफ इंडिया’ या मालेतला रातकिड्यांचा खंड त्याचाच, 1969 सालचा. भारतात रातकिड्यांवर काम करणारा कोणताही विद्यार्थी आजही पहिल्यांदा तोच उघडतो. इतका मोठा प्रदेश, इतक्या जाती आणि एकाच माणसाची नजर, हे या खंडाचं बळ आहे आणि मर्यादाही. त्यात आवाज जवळजवळ नाहीच.

शोपारनंतर त्याच संग्रहालयात लोर द्युतेर-ग्रांकोला या संशोधिकेने 1980च्या दशकात पाय आणि पंख बाजूला ठेवून नराची जननेंद्रियं हाती घेतली. ऐकायला जरा अवघड वाटेल, पण कीटकशास्त्रात ही जुनी आणि खात्रीची रीत आहे. या सूक्ष्म, कठीण, गुंतागुंतीच्या रचना जातीजातीत वेगळ्या असतात, आणि पायावरचे दात किंवा पंखाची लांबी जशी राहणीमानानुसार बदलते, तशा त्या सहसा बदलत नाहीत. जमिनीवर राहायला लागलेल्या दोन असंबद्ध रातकिड्यांचे पंख आखूड होतील आणि ते भाऊ वाटतील. आतली रचना मात्र खरं नातं सांगेल. सोस्यूरच्या आणि शोपारच्या कप्प्यातून बरेच पाहुणे तेव्हा बाहेर काढावे लागले.

आता कानाकडे. तो रातकिड्यांच्या वर्गीकरणात शिरला तो उष्ण कटिबंधातून नव्हे, अमेरिकेच्या शेतांतून. 1915 साली रेन आणि हेबार्ड या दोन अमेरिकी तज्ज्ञांनी ढीगभर नमुने तपासून जाहीर केलं, की उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतला शेतातला रातकिडा ही एकच जाती आहे. रंग, आकार, पंख सगळे एकमेकांत मिसळलेले. रेघ ओढणार कुठे? नॉर्थ कॅरोलिनातल्या बेंटली फुल्टनने तेच किडे जिवंत पाळले आणि ऐकले. 1952 साली त्याने दाखवलं, की एकट्या त्या राज्यात चार प्रकार आहेत, त्यांची गाणी आणि ऋतू वेगळे आहेत, आणि ते एकमेकांशी वीण करत नाहीत. नंतर रिचर्ड अलेक्झांडर आणि थॉमस वॉकर यांनी टेपरेकॉर्डर आणि आवाजाचा आलेख काढणारं यंत्र घेऊन हे काम पुढे नेलं. टाचणीवर न दिसणारी भिंत कागदावरच्या पट्ट्यांत स्पष्ट दिसू लागली. अलेक्झांडर मग डॅनियल ऑटला घेऊन ऑस्ट्रेलियात उतरला. गाडी थांबवायची, अंधारात ऐकायचं, नवा आवाज आला की बॅटरी घेऊन शोधायचं. 1983 साली निघालेल्या त्यांच्या जाडजूड ग्रंथात शेकडो जाती नव्या होत्या आणि त्यात आपल्या घराण्याच्या ऑस्ट्रेलियन शाखाही होत्या.

इथे रातकिड्याचं वाद्य थोडं समजून घ्यायला हवं, कारण पुढची गंमत त्यावर उभी आहे. गातो तो फक्त नर. त्याच्या उजव्या पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला एका शिरेवर दातांची ओळ असते. डाव्या पंखाची कठीण कड त्या दातांवर घासते आणि पंखाचे पातळ पडदे थरथरून आवाज मोठा करतात. लांब मिशांच्या नाकतोड्यांत पंख उलट असतात, डावा वर. रातकिड्याचे कान पुढच्या पायांच्या नळीवर. बहुतेक रातकिड्यांचा सूर साधारण 2 ते 8 किलोहर्ट्झच्या मधला, बऱ्यापैकी शुद्ध, जवळजवळ शिट्टीसारखा. मादीचे कान आणि मेंदू त्या सुराला जुळलेले असतात. तो ऐकला की ती चालत नाहीतर उडत त्याच्याकडे जाते. तिला आणखी एक आवाज ऐकू येतो, तो म्हणजे खूप वरच्या पट्टीतला. तो वटवाघळाचा. तो कानावर पडला की उडणारा रातकिडा दिशा बदलून पळतो. दोन पट्ट्या, दोन वागणुकी: खालची म्हणजे प्रियकर, वरची म्हणजे मरण.

2004 मध्ये तोनी रोबियार आणि द्युतेर-ग्रांकोला यांनी एनीऑप्टेरिनीचा वंशवृक्ष मांडला आणि त्यावर आवाजांची नोंद बसवली. त्यातून एक शाखा डोळ्यांत भरली. फिलिपिन्सच्या लेबिंथस या प्रजातीवरून तिला नाव मिळालं. तिच्यात फिलिपिन्सचे, न्यू गिनीचे, न्यू कॅलेडोनियाचे आणि दक्षिण अमेरिकेतलेही काही रातकिडे येतात. त्यांचे सूर 10 किलोहर्ट्झच्या वर, काहींचे 20च्या पुढे, म्हणजे माणसाच्या कानाच्या कडेला किंवा कडेपलीकडे. मूळ सुरावर जोर देण्याऐवजी त्यांचे पंख त्याच्या वरच्या स्वरपटींवर जोर देतात. तंबोऱ्याची तार छेडल्यावर आपण मूळ षड्ज ऐकतो. हे त्याच्या वर उमटणारे सूक्ष्म स्वरच मोठे करून ऐकवतात. घराण्याच्या इतर शाखा खालच्या पट्टीत गात राहिल्या आणि हे वर चढले.

पण वर वटवाघूळ होतं. मग या नरांचा आवाज ऐकून मादी पळून कशी जात नाही? हे कोडं हॅना टेर हॉफस्टीड, स्टेफान श्योनाइख, रोबियार आणि बेर्टोल्ड हेडविग यांनी 2015 मध्ये सोडवलं आणि मला रातकिड्यांच्या अभ्यासातला हा सगळ्यांत देखणा शोध वाटतो. लेबिंथस गटातली मादी नराच्या आवाजाकडे जातच नाही. तो ऐकला की ती दचकते. तिचं अंग थरारतं आणि ती थरथर ज्या फांदीवर ती बसली आहे तिच्यातून पसरते. नर ती थरथर पायांनी ओळखतो आणि तिच्या दिशेने चालत जातो. म्हणजे संवादाची दिशाच उलटली: बाकीच्या रातकिड्यांत मादी नराकडे जाते, इथे नर मादीकडे. संशोधकांचा निष्कर्ष असा, की वटवाघळाच्या भीतीने दचकण्याची सवय आधीपासून मादीत होती आणि नरांनी वर चढत जाऊन त्याच सवयीचा उपयोग करून घेतला. जिला मरणाची खूण समजली, तिच्या दचकण्यालाच तो होकार मानतो. प्रणयाबद्दल इतका अप्रिय सिद्धांत दुसरा क्वचितच असेल; पण कीटकांच्या मज्जातंतूंच्या मोजमापांनी त्याला आधार दिला आहे.

वर्गीकरणासाठी याचा अर्थ सरळ आहे. सोस्यूर ज्या पायांच्या दातांकडे पाहत होता त्यांत हा सगळा इतिहास नव्हता. एवढंच काय, नुसत्या माणसाच्या कानानेही तो पुरता हाती आला नसता. फुल्टनला शेतात उभं राहून चार जाती ऐकू आल्या. लेबिंथस गटातल्या काहींसमोर फुल्टन उभा राहिला असता तर त्याला फारतर एक पुसट सरसर ऐकू आली असती, आणि वय झालेलं असतं तर तीही नाही.

यंत्रं, जननेंद्रियं आणि डीएनए हे तिन्ही एकत्र आल्यावर जुन्या नावांची काय गत होते याचा नमुना म्हणजे डी हानचा कार्डिओडॅक्टिलस नोव्हीगिनी. शंभरहून अधिक वर्षं बेटामागून बेटावर सापडलेला पिवळ्या डागांचा प्रत्येक तपकिरी रातकिडा या नावाखाली जमा होत राहिला, आणि या जातीचा पसारा अफाट आहे असं पुस्तकं सांगत राहिली. नंतर रोबियार आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या पेट्या पुन्हा उघडल्या. एकट्या 2014च्या एका शोधनिबंधात त्यांनी आशियाई आणि ऑस्ट्रेलियन प्राण्यांमधली सीमा मानल्या जाणाऱ्या वॉलेस रेषेच्या दोन्ही बाजूंच्या 25 नव्या जाती नोंदल्या. बेटं तुटली, जोडली, समुद्र चढला, उतरला आणि प्रत्येक खेपेला एका जातीच्या दोन झाल्या, तेही बाहेरून जवळपास न बदलता. वरून सारखा दिसणारा रातकिडा आतून वेगळा निघणं हे इतक्यांदा घडलं आहे, की आता ‘सगळीकडे आढळणारी जाती’ असं वाचलं की मला शंकाच येते.

हे सगळं दुर्गम बेटांवरचंच आहे असंही नाही. सिंगापूरसारख्या पिंजून काढलेल्या शहरात झुडपांखाली सर्रास वावरणारा लेबिंथसचा एक प्रकार 2013 पर्यंत बिननावाचा होता. आवाज बहुतेकांच्या कानाच्या वरचा, रंग पाचोळ्याचा. कोण बघणार?

घराण्याचा भूगोलही यातून नव्याने आखला गेला. डीएनएवरून काढलेल्या अंदाजानुसार त्याचा उगम क्रीटेशस कालखंडाच्या शेवटी, सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीचा. वटवाघळांचे सर्वांत जुने पुरे सांगाडे सव्वापाच कोटी वर्षांच्या आसपासचे, म्हणजे घराणं आधी आणि शिकारी नंतर. दक्षिण अमेरिकेत या घराण्याच्या दोन अलग शाखा नांदतात: डी गीअरच्या सुरिनामी रातकिड्याची, आणि लेबिंथस गटातली, जिची जवळची नाती पॅसिफिकच्या पलीकडे आहेत. शेजारी राहणारे दोघे चुलत, आणि सख्खे भाऊ अर्ध्या जगापलीकडे. 2016 मध्ये इओआना शिंतोआं-मार्कीए आणि सहकाऱ्यांनी दोनशेहून अधिक जातींच्या डीएनएवरून साऱ्या रातकिड्यांचा वृक्ष मांडला. त्यात एनीऑप्टेरिनी मूळ ग्रायलसच्याच कुलात, एक उपकुल म्हणून राहिली. मधल्या काळात काहींनी त्यांना स्वतंत्र कुलाचा मान दिला होता, तो गेला.

भारतात कानाने रातकिडे मोजण्याची सुरुवात सह्याद्रीत झाली, कर्नाटकातल्या कुद्रेमुखच्या सदाहरित जंगलात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या रोहिणी बालकृष्णन आणि स्वाती दिवाकर यांनी तिथल्या रात्री सूर्यास्तापासून ऐकून काढल्या. 2007 साली त्यांनी रातकिडे आणि लांब मिशांचे नाकतोडे मिळून वीसेक जातींचे आवाज, त्यांची पट्टी आणि रात्रीच्या कोणत्या प्रहरी कोण गातं हे मांडलं. त्याच वर्षी मंजरी जैन यांच्यासह त्यांनी एक साधी पण उपयुक्त गोष्ट सिद्ध केली: सरावलेला माणसाचा कान हे जाती मोजण्याचं विश्वासार्ह साधन आहे. किडा मारावा लागत नाही, यंत्र लागत नाही. अर्थात कानाच्या पट्टीत बसणाऱ्यांपुरतंच. कुद्रेमुख तेव्हा लोहखनिजाच्या खाणीमुळे न्यायालयांत आणि वर्तमानपत्रांत गाजत होतं. खाण 2005च्या अखेरीस बंद झाली. त्या गदारोळात शेजारच्या जंगलात कुणी रातकिड्यांची हजेरी घेत होतं, हे मला नंतर कळलं तेव्हा फार बरं वाटलं.

याच प्रयोगशाळेत घडलेल्या रंजना जैसवारा यांनी पुढे रोबियार यांच्याबरोबर भारतातल्या एनीऑप्टेरिनीकडे मोहरा वळवला. फ्रान्सिस वॉकरच्या झेनोग्रायलस ट्रान्सव्हर्ससची, जपानच्या मात्सुमुशीची आणि बोलिव्हारच्या आफ्रिकी जातींची एकत्र फेरतपासणी 2019 मध्ये छापून आली, चिनी सहकाऱ्यांसह. आणि कुद्रेमुखहून एक अशी जाती हाती लागली, जी कोणत्याच जुन्या प्रजातीत बसेना. तिच्यासाठी नवी प्रजाती काढावी लागली: इंडिग्रायलस कुद्रेमु. तिचे जवळचे नातलग दोन. एक झेनोग्रायलस, जो आफ्रिका आणि आशिया दोन्हीकडे आहे. दुसरा स्यूडोलेबिंथस, फक्त आफ्रिकेचा. सह्याद्रीतल्या बेडकांबद्दल आणि गोगलगायींबद्दल आफ्रिकेशी असलेल्या नात्याची चर्चा पूर्वीपासून आहे. त्या यादीत आता एक रातकिडा आला. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत, कोयनेपासून आंबोलीपर्यंत, अशी रात्रभराची पद्धतशीर हजेरी झाली तर कुद्रेमुखच्या भाईबंदांपैकी कोण निघेल, हा प्रश्न मला सारखा पडतो.

नव्या जातीच्या नोंदीत आता जुन्या वस्तूंबरोबर नव्याही आल्या आहेत. टाचणीवरचा नमुना असतोच. त्याचा एक मागचा पाय अनेकदा गायब असतो. तो डीएनएसाठी अल्कोहोलच्या कुपीत गेलेला असतो. आणि बहुतेक वेळा ध्वनिमुद्रणाचा क्रमांक असतो, तापमानासह, कारण थंडी पडली की रातकिड्याची लय मंदावते आणि तापमान न लिहिलेली नोंद निम्मी निकामी होते. पॅरिसच्या संग्रहालयात अशा आवाजांचं वेगळं भांडार आहे.

जुन्या, मुक्या नमुन्यांचं काय? त्यासाठीच वॉकरची 1869ची यादी मी राखून ठेवली होती. तीत ‘हिंदोस्तान’ एवढाच पत्ता असलेला एकमेव नर आहे, आज प्रोफॅलँगॉप्सिस ऑब्स्क्युरा नावाचा. तो खरा रातकिडा नव्हे. ज्युरासिक काळात भरभराटीला आलेल्या आणि आता मूठभर उरलेल्या एका दूरच्या शाखेचा आहे. तसा दुसरा नर आजवर कुणाला मिळालेला नाही; पुढे तिबेटातून त्या जातीच्या असाव्यात अशा माद्या तेवढ्या नोंदल्या गेल्या. 2022 मध्ये लिंकन विद्यापीठ आणि लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या संशोधकांनी त्या दीडशे वर्षांच्या वाळक्या पंखांची कंपनं लेझरने मोजली, आकडेमोड केली आणि त्याचा सूर 4.7 किलोहर्ट्झच्या आसपासचा असावा असं काढलं. शुद्ध आणि माणसाला सहज ऐकू येणारा. हिमालयाच्या किंवा तिबेटच्या बाजूला कुणी हा नर शोधायला गेलं, तर आता कोणता आवाज आला की थांबायचं ते त्यांना ठाऊक असेल.